केबल एकदाच गाडावी : नॉरफोकमधील पवनऊर्जा आणि परवानगीच्या अटी

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात, उत्तर किनाऱ्यावर, वेबर्न नावाचे एक लहानसे गाव आहे. शेरिंगम शोल या ३१७ मेगावॉटच्या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पाची केबल याच गावापाशी किनाऱ्याला लागली आणि जमिनीखालून सुमारे २१ किलोमीटरवरच्या सॉल येथील उपकेंद्रापर्यंत गेली. तो प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. पुढे डजन नावाच्या ४०२ मेगावॉटच्या प्रकल्पाची केबलही वेबर्नलाच बाहेर आली आणि परगण्याच्या मध्यभागी नेक्टनपर्यंत गेली. तो प्रकल्प २०१७ मध्ये पूर्ण झाला. ३१ डिसेंबर २०२० रोजी ऑर्स्टेड कंपनीच्या हॉर्नसी-३ या प्रचंड प्रकल्पाला परवानगी मिळाली, आणि त्याचीही केबल वेबर्नहूनच निघून नॉरिच शहराच्या दक्षिणेकडील मोठ्या उपकेंद्राकडे जाणार असे ठरले. एप्रिल २०२४ मध्ये इक्विनॉर कंपनीच्या शेरिंगम शोल व डजन विस्तार प्रकल्पांना परवानगी मिळाली, तीही वेबर्न ते नॉरिचचे तेच उपकेंद्र अशाच जोडणीसाठी. एकाच गावच्या किनाऱ्यावरून एकाच उपकेंद्राकडे जाणाऱ्या दोन कंपन्यांचे असे दोन स्वतंत्र मार्ग आखले गेले, त्यांची दोन वेळा सुनावणी झाली आणि अटींचे दोन वेगळे संच लिहिले गेले.

समुद्रातील पवनऊर्जा ब्रिटनला हवी आहे आणि ती लवकर हवी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे आहे ते जमिनीवरील केबलजोडणीच्या अटींबद्दल. या अटी प्रकल्पागणिक लिहिल्या जातात. त्या ज्या पट्ट्यातून केबल जाते त्या पट्ट्याचा, म्हणजे तिथे आधी झालेल्या आणि पुढे होऊ घातलेल्या सगळ्या खोदकामांचा, एकत्र विचार करून लिहिल्या पाहिजेत. आणि त्यांतली मुख्य अट अशी असावी की शेजारच्या प्रकल्पाशी मार्ग, पाइप व वाहतूक यांचा मेळ कसा घातला हे लेखी दाखविल्याशिवाय कुदळ मारता येणार नाही.

ब्रिटनच्या २००८ च्या नियोजन कायद्यानुसार इंग्लंडलगतच्या समुद्रातील १०० मेगावॉटहून अधिक क्षमतेचा पवनऊर्जा प्रकल्प राष्ट्रीय महत्त्वाचा मानला जातो आणि त्याला स्थानिक परिषदेऐवजी थेट मंत्र्यांकडून ‘विकास संमती आदेश’ घ्यावा लागतो. नियोजन निरीक्षणालयाचे परीक्षक सहा महिने तपासणी करतात, पुढच्या तीन महिन्यांत शिफारस देतात आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत मंत्र्यांनी निर्णय द्यावा अशी योजना आहे. या एकाच आदेशात समुद्रातील पवनचक्क्या, किनाऱ्यावरची खोदाई, जमिनीखालची केबल आणि उपकेंद्र हे सगळे येते. मात्र आदेशाला जोडलेल्या अटींची पूर्तता तपासण्याचे काम त्या त्या भागातील परिषदांकडे जाते. ज्या परिषदेने परवानगी दिलेली नाही, कधी कधी तर जिने विरोध नोंदविलेला आहे, तिलाच पुढची कित्येक वर्षे त्या परवानगीचा हिशेब ठेवावा लागतो.

अटींचा साचा आता बराचसा ठरून गेला आहे. कामाचे टप्पे आधी कळवावेत. उपकेंद्राच्या इमारतींची उंची ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. झाडे-कुंपणे पुन्हा लावावीत. बांधकामाची आचारसंहिता, वाहतूक नियोजन, सांडपाणी व पावसाच्या पाण्याचा निचरा, पुरातत्त्वीय तपासणी, वन्यजीवांचे संरक्षण यांचे स्वतंत्र आराखडे मंजूर करून घ्यावेत. काम साधारणपणे सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ७ आणि शनिवारी दुपारी १ पर्यंत चालावे, रविवारी बंद राहावे. यांतील बहुतेक आराखडे परवानगीच्या वेळी केवळ रूपरेषेच्या स्वरूपात असतात. अंतिम आराखडा त्या रूपरेषेला धरून असावा एवढेच आदेश सांगतो, आणि खरा तपशील नंतर कंपनी व परिषदेचे अधिकारी यांच्यात ठरतो. जनसुनावणी तोवर संपलेली असते.

हे असे का होते याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अर्ज करताना कंपनीला कोणती पवनचक्की, कोणती केबल, कोणता कंत्राटदार मिळेल हे ठाऊक नसते, म्हणून ती जास्तीत जास्त किती खोदू, किती उंच बांधू याची कमाल मर्यादा सांगून तेवढ्यासाठी परवानगी मागते. रॉचडेल शहरातील एका व्यवसायसंकुलावरून १९९९ आणि २००० मध्ये झालेल्या खटल्यांतून ही पद्धत रूढ झाली आणि ती त्या शहराच्याच नावाने ओळखली जाते. पद्धत उपयोगी आहे, पण तिचा भार शेवटी जमिनीवर पडतो, कारण कमाल मर्यादेत बसणारा प्रत्येक पर्याय शेतकऱ्याच्या दृष्टीने सारखा नसतो.

केबलमधून एसी (प्रत्यावर्ती) की डीसी (एकदिश) विद्युतप्रवाह न्यायचा, हा त्यातला सर्वांत मोठा प्रश्न. एसी केबल लांब अंतरावर स्वतःच्याच विद्युतभाराने वहनक्षमता गमावते, त्यामुळे वाटेत तिला सावरण्यासाठी किनाऱ्याजवळ आणखी एक विद्युतकेंद्र उभारावे लागते. शिवाय तेवढीच वीज नेण्यासाठी तिला अधिक केबली आणि म्हणून रुंद पट्टा लागतो. डीसीला केबली कमी लागतात, चर अरुंद राहतो, मात्र टोकाला मोठे रूपांतर केंद्र बांधावे लागते. वॅटनफॉल कंपनीच्या नॉरफोक व्हॅनगार्ड प्रकल्पात दोन्ही पर्याय सुरुवातीला खुले होते. हेझब्रा गावाच्या परिसरात असे मधले केंद्र येणार हे कळल्यावर रहिवाशांनी ‘रिले स्टेशन नको’ अशी चळवळ उभी केली आणि २०१८ मध्ये, अर्ज दाखल होण्याआधीच, कंपनीने डीसीची निवड जाहीर करून ते केंद्र रद्द केले. हॉर्नसी-३ ने मात्र दोन्ही पर्याय आदेशातही खुले ठेवले आणि डीसीचा निर्णय नंतर घेतला. म्हणजे ज्या गावांच्या शेजारी मधले केंद्र येऊ शकत होते, त्यांना परवानगीनंतरही ते येणार की नाही हे कळत नव्हते. पहिल्या प्रकल्पात जे लोकांनी सल्लामसलतीत मिळविले, ते दुसऱ्यात कंपनीच्या व्यापारी निर्णयावर अवलंबून राहिले. तंत्रज्ञानाची निवड एका ठरावीक टप्प्यापर्यंत करून ती बदलता येणार नाही, अशी अट घालणे अवघड नव्हते.

शेजारच्या सफोक परगण्यात ही उणीव अधिक महाग पडली. ईस्ट अँग्लिया वन या प्रकल्पाला २०१४ मध्ये परवानगी मिळाली ती डीसी जोडणीच्या आधारावर; पुढे प्रकल्पाची क्षमता ७१४ मेगावॉटवर आली आणि आदेशात बदल करून एसी जोडणी वापरण्यात आली. बॉड्सीच्या किनाऱ्यापासून ब्रॅमफर्डपर्यंतचा ३७ किलोमीटरचा तो पट्टा पुढच्या प्रकल्पांच्याही उपयोगी पडावा अशी मूळ कल्पना होती. एसीने त्यातली जागा अधिक व्यापली. त्याच कंपनीच्या पुढच्या दोन प्रकल्पांना, ईस्ट अँग्लिया टू आणि वन नॉर्थ यांना, मार्च २०२२ मध्ये परवानगी मिळाली ती थॉर्पनेसच्या किनाऱ्यावरून फ्रिस्टन या गावापर्यंतच्या संपूर्ण नव्या मार्गासाठी आणि तिथल्या संपूर्ण नव्या उपकेंद्रासाठी. फ्रिस्टनकर न्यायालयात गेले आणि हरले. अपील न्यायालयानेही जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण मिटले असले, तरी एका पट्ट्याची क्षमता राखून ठेवण्याची पक्की अट वेळीच घातली असती तर फ्रिस्टनचा प्रश्न एवढ्या तीव्रतेने उभा राहिला असता का, हे विचारण्याचा हक्क त्या गावाला आहे असे मला वाटते.

आता केबल गाडली जाते तेव्हा शेतात प्रत्यक्ष काय होते ते पाहू, कारण अटींचा कस तिथेच लागतो. आधी पट्ट्याला कुंपण पडते. मग वरचा सुपीक थर यंत्राने सोलून पट्ट्याच्या एका कडेला लांबलचक ढिगात रचतात, खालची कसहीन माती दुसरीकडे वेगळी रचतात, आणि मधोमध खडी टाकून ट्रक-डंपरसाठी रस्ता तयार करतात. चर सुमारे माणसाच्या छातीएवढा खोल जातो. त्यात प्लॅस्टिकचे पाइप ठेवून भोवती विशिष्ट प्रकारची वाळू किंवा सिमेंटमिश्रित भर घालतात, वर धोक्याची सूचना देणाऱ्या फरश्या आणि पट्ट्या टाकतात आणि मग खालची माती खाली, वरची वर अशी भरणी करतात. केबल नंतर पाइपांतून ओढतात. ती एका सलग लांबीत मिळत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर तुकडे जोडण्यासाठी काँक्रीटचे खड्डे करावे लागतात. नदी, रेल्वे किंवा मोठा रस्ता आला की चर थांबतो आणि जमिनीखालून आडवे भोक पाडून केबल पलीकडे नेतात. वेन्सम ही संरक्षित चुनखडी-नदी अशाच पद्धतीने ओलांडायची आहे, आणि भोक पाडताना दाबाखाली सोडलेला बेंटोनाइट या चिकणमातीचा गाळ नदीच्या तळातून वर फुटू नये यासाठी स्वतंत्र अट लागते.

पूर्व इंग्लंडच्या शेतांखाली आणखी एक गोष्ट असते, जी नकाशावर सहसा दिसत नाही. चिकणमातीच्या शेतांतून पाणी काढण्यासाठी साधारण मीटरभर खोलीवर भाजलेल्या मातीच्या किंवा अलीकडच्या काळात प्लॅस्टिकच्या नळ्यांचे जाळे घातलेले असते. काही नळ्या आजच्या मालकाच्या आजोबांच्या काळातल्या असतात. केबलचा चर हे जाळे आडवे कापतो. चराच्या वरच्या अंगाला पाणी गोळा करणारी नवी नळी आधीच टाकली नाही, तर पहिल्याच हिवाळ्यात वरचे शेत तुंबते, आणि भरणीनंतर तुटलेली तोंडे नीट जोडली नाहीत, तर शुगर बीट किंवा बार्लीच्या पिकात पाणथळ पट्टा वर्षानुवर्षे उठून दिसतो. मातीचेही तसेच. ओल्या मातीवर अवजड यंत्र फिरले की तिची रचना मोडते, ती घट्ट दबते आणि मुळे खाली उतरत नाहीत. म्हणून माती किती ओली असताना हात लावायचा नाही, ढीग किती उंच करायचा, किती काळ ठेवायचा, हे अटीतच नेमके लिहिलेले असावे लागते. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ अशा वाक्याला कंत्राटदाराच्या वेळापत्रकापुढे काही किंमत उरत नाही. नोव्हेंबरात पाऊस लागला, यंत्रे भाड्याने आलेली आहेत, मुदत संपत आली आहे, अशा वेळी काम थांबविण्याचे बळ आकडा लिहिलेल्या अटीतच असते.

इंग्लंडच्या नियोजन धोरणात अटीसाठी सहा कसोट्या सांगितल्या आहेत : ती आवश्यक असावी, नियोजनाशी संबंधित असावी, त्या विशिष्ट विकासकामाशी संबंधित असावी, अंमलात आणता येण्याजोगी, नेमकी आणि इतर सर्व दृष्टींनी वाजवी असावी. यांतील तिसऱ्या कसोटीचा आधार घेऊन कंपन्या नेहमी सांगतात की शेजारच्या प्रकल्पाचे ट्रक, शेजारच्या प्रकल्पाचा चर हा आमचा विषय नाही. हा युक्तिवाद मला मुळातच चुकीचा वाटतो. कॉस्टन नावाचे गाव घ्या. तिथल्या अरुंद मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी घरे आहेत, आणि हॉर्नसी-३ तसेच वॅटनफॉलचे दोन प्रकल्प या सर्वांची अवजड वाहतूक याच रस्त्याने न्यायची असे प्रस्ताव होते. प्रत्येक प्रकल्पाने आपल्या ट्रकांचा आकडा मांडला आणि तेवढा सहन होण्यासारखा आहे असे दाखविले. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला मात्र ट्रक कोणत्या कंपनीचा हे पाहून धक्के बसत नाहीत. त्याच्या खिडकीची काच एकूण वाहतुकीने थरथरते. सुनावणीत हा प्रश्न लावून धरला गेला, तेव्हाच एकत्रित वाहतुकीचा विचार आणि रस्त्यावरील उपाययोजना पुढे आल्या. एका प्रकल्पाचा परिणाम जर दुसऱ्याच्या परिणामात मिसळूनच जमिनीवर पडत असेल, तर त्या मिश्रणाविषयीची अट त्या विकासकामाशी संबंधितच ठरते.

न्यायालयानेही याच दिशेने बोट दाखविले आहे. नॉरफोक व्हॅनगार्ड आणि नॉरफोक बोरियास हे वॅटनफॉलचे दोन जुळे प्रकल्प. दोघांची केबल हेझब्रा येथे किनाऱ्याला लागणार, सुमारे ६० किलोमीटर एकाच मार्गाने जाणार आणि दोघांची उपकेंद्रे नेक्टनजवळ शेजारी शेजारी उभी राहणार. १ जुलै २०२० रोजी व्हॅनगार्डला परवानगी देताना मंत्र्यांनी नेक्टन येथील दोन्ही उपकेंद्रांचा भूदृश्यावर होणारा एकत्रित परिणाम विचारात घेतला नाही. तो बोरियासच्या तपासणीत पाहता येईल म्हणून पुढे ढकलला. त्या परिणामाची माहिती समोर असतानाही असे केले गेले. नॉरफोकमधील एका रहिवाशाने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती होलगेट यांनी ती परवानगीच रद्द केली. नव्याने विचार होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. १.८ गिगावॉटचा प्रकल्प दीड वर्षाहून अधिक काळ कागदावर अडकून पडला.

या निकालाकडे पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला की एक माणूस न्यायालयात जाऊन राष्ट्रीय प्रकल्प रोखू शकतो, तेव्हा न्यायालयाची वाटच अरुंद करावी. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तसे जाहीरही केले : ज्या दाव्यांत दम नाही असे न्यायालयाला वाटते, त्यांना परवानगीसाठी तीनदा प्रयत्न करण्याऐवजी एकदाच संधी मिळावी. निरर्थक दावे रोखण्याला माझा विरोध नाही. पण व्हॅनगार्डचा दावा निरर्थक नव्हता, तो जिंकला गेला. तिथला उशीर अर्जदार रहिवाशाने घडविलेला नसून, बारा महिन्यांच्या प्रक्रियेत जो प्रश्न सोडवायचा तो पुढच्या प्रक्रियेवर ढकलल्याने घडला. प्रकल्पागणिक विचार करण्याच्या सवयीचेच ते फळ होते.

अटी जाचक म्हणून प्रकल्प बंद पडतात, असेही सर्रास म्हटले जाते. बोरियासचे उदाहरण याच्या नेमके उलट बोलते. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळालेल्या या प्रकल्पाचे काम वॅटनफॉलने जुलै २०२३ मध्ये थांबविले, ते खर्च सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे कारण देऊन. महागलेली सामग्री, वाढलेले व्याजदर आणि आधीच पक्का झालेला वीजदर यांचा मेळ बसेना. त्यानंतर वॅटनफॉलचे नॉरफोकमधील सगळे प्रकल्प जर्मन कंपनी आरडब्ल्यूईने सुमारे ९६.३ कोटी पाउंडांना विकत घेतले. शेतातील माती वेगळी रचा, कॉस्टनमधून इतक्याच फेऱ्या करा, या अटींमुळे तो प्रकल्प थांबला असे कंपनीनेही म्हटले नाही.

याच जुळ्या प्रकल्पांच्या आराखड्यात एक गोष्ट फार चांगली होती, आणि ती सर्वत्र लागू व्हावी असे मला मनापासून वाटते. व्हॅनगार्डचा चर खोदतानाच बोरियासचे पाइपही त्याच वेळी गाडून ठेवायचे आणि पुढे फक्त केबल ओढून घ्यायची, म्हणजे शेत दुसऱ्यांदा उकरावे लागत नाही. ही नुसती कल्पना नव्हे. सफोकमध्ये ईस्ट अँग्लिया वनच्या वेळीच ईस्ट अँग्लिया थ्रीचे पाइप घालून ठेवले होते. वर सांगितलेल्या एसीच्या बदलानंतरही तेवढे तरी साधले. मग वेबर्न ते नॉरिच या मार्गावर ते का होऊ शकले नाही? कारण तिथे मालक वेगळे आहेत.

इथे कंपन्यांचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ब्रिटनमध्ये समुद्रातून जमिनीपर्यंतची वाहिनी बहुधा प्रकल्पाची कंपनी बांधते आणि नंतर ती स्वतंत्र पारेषण कंपनीला विकावी लागते. विक्रीची किंमत ऑफजेम ही नियामक संस्था खर्च किफायतशीर होता का हे तपासून ठरवते. दुसऱ्याच्या भावी प्रकल्पासाठी मी आज रिकामे पाइप गाडले आणि तो प्रकल्प आलाच नाही, तर तो खर्च मला कोण देणार? शिवाय एका प्रकल्पाला सरकारी लिलावात वीजदर मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. एकाचे काम आज सुरू होते, दुसऱ्याचे पाच वर्षांनी. हा धोका एकट्या कंपनीवर टाकणारी अट वाजवी ठरणार नाही आणि सहावी कसोटी तिथे आडवी येईल. म्हणून समन्वयाच्या अटीबरोबर नियामकाची हमी हवी, की संमत आराखड्यानुसार घातलेल्या जादा पाइपांचा खर्च पारेषण दरांतून वसूल होईल. ब्रिटनने २०२० मध्ये समुद्री पारेषण जाळ्याचा फेरआढावा सुरू केला आणि २०२२ मध्ये एकत्रित जाळ्याचा आराखडाही प्रसिद्ध केला. आगाऊ गुंतवणुकीचा प्रश्नही त्यात आला. दिशा बरोबर आहे. परंतु नॉरफोकचे बरेच प्रकल्प त्याआधीच प्रक्रियेत शिरले होते, आणि जे आधी शिरले त्यांना जुन्याच पद्धतीने पुढे जाऊ दिले गेले.

समन्वयाची अट कायद्यात बसते का, असे विचारणाऱ्यांना १९८४ च्या ग्रॅम्पियन खटल्याची आठवण करून देता येईल. अर्जदाराच्या हातात नसलेली गोष्ट त्याने करावी अशी अट घालता येत नाही, पण ती गोष्ट घडेपर्यंत त्याने काम सुरू करू नये अशी अट घालता येते, हे त्या खटल्यातून पक्के झाले. अशा प्रकारची अट इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दररोज लिहिली जाते. त्याच नमुन्यावर असे लिहिता येईल : ज्या लांबीत दुसऱ्या संमत किंवा तपासणीखालील प्रकल्पाचा मार्ग ठरावीक अंतराच्या आत येतो, त्या लांबीत दोन्ही कंपन्यांनी मिळून केलेला खोदाईचा क्रम, सामाईक रस्ता, वाहतुकीची एकत्रित कमाल मर्यादा आणि जादा पाइपांबाबतचा निर्णय परिषदेने मंजूर करेपर्यंत कोणतेही काम सुरू होणार नाही, दुसरी कंपनी ठरावीक मुदतीत प्रतिसाद देत नसेल, तर पहिली मोकळी होईल. शेवटचे कलम महत्त्वाचे आहे, नाहीतर एक प्रतिस्पर्धी दुसऱ्याला गप्प बसूनच रोखून धरील.

विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनाही मी एक गोष्ट सांगू इच्छितो. काही गट प्रत्येक अटीकडे प्रकल्प अडविण्याचे साधन म्हणून पाहतात, आणि त्यामुळे खऱ्या अटींची विश्वासार्हता जाते. हेझब्राचाच किनारा पाहा. तिथले मऊ मातीचे कडे समुद्र सतत गिळत आला आहे, घरे पडली आहेत, रस्ते तुटले आहेत; समुद्राची पातळी वाढत असताना पवनऊर्जा नको म्हणणे या किनाऱ्याला परवडणारे नाही. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये आठ लाख वर्षांहून जुन्या मानवी पाउलखुणा उघड्या पडल्या आणि लाटांनी त्या लगेच पुसूनही टाकल्या. तिथे कड्याखालून लांबवर आडवे ड्रिलिंग करूनच केबल आणावी हा आग्रह योग्य होता, आणि तो प्रकल्पाच्या विरोधात नव्हता. सफोकमध्ये केबलच्या खोदाईआधीच्या पुरातत्त्वीय तपासणीतच वुडब्रिजजवळ सुमारे ४३०० वर्षांपूर्वीची लाकडी वाट सापडली. ती अट नसती तर डंपर तिच्यावरून गेला असता.

अट लिहिणे सोपे, पाळली जाते का हे पाहणे कठीण. आदेशातील अटीचा भंग हा २००८ च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे, पण खटला भरण्याआधी कुणीतरी पावसात शेताच्या बांधावर उभे राहून मातीचे ढीग मिसळले गेले की नाहीत हे पाहिले पाहिजे. त्यासाठी परिषदांकडे माणसे कमी आणि मृदाशास्त्र जाणणारी तर त्याहून कमी. कंपनीच्याच खर्चाने पण परिषदेला उत्तरदायी असा स्वतंत्र माती-निरीक्षक नेमावा, काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा, आणि भरणीनंतर किमान पाच वर्षे निचरा व उत्पादन यांची नोंद शेतकऱ्याच्या सहीने ठेवावी, एवढे तरी अटीत आलेच पाहिजे. एक हंगाम चांगला गेला म्हणजे जमीन सावरली असे होत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या सगळ्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडू शकतो. आपल्याकडे पारेषण वाहिन्यांना २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या सूचीत स्थानच नाही, आणि विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील अधिकार वापरून त्या उभारल्या जात आल्या आहेत. शेतकऱ्याचे म्हणणे त्यामुळे एकाच दारातून आत जाते, मोबदल्याच्या. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के अशी शिफारस केली, हे स्वागतार्हच आहे. पण मोबदला म्हणजे नुकसानीची किंमत. नुकसान कमी कसे होईल हे तो सांगत नाही. मुंबईसाठी आखलेल्या कुडूस ते आरे या १००० मेगावॉटच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी) वाहिनीच्या सुमारे ८० किलोमीटरपैकी जवळपास ५० किलोमीटर भाग भूमिगत आहे, म्हणजे जमिनीखालची केबल आता आपल्याकडेही परकी राहिलेली नाही. जून २०२४ मध्येच केंद्राने समुद्रातील पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प त्यात आहेत आणि तिथली वीज किनाऱ्यावर आणण्याचे काम पॉवर ग्रिडकडे आहे.

सगळ्या जोडणीचे काम एकाच सरकारी कंपनीकडे असणे ही इथे मोठी सोय आहे. नॉरफोकमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांना एकत्र बसविण्यासाठी जी अट लागते, ती इथे एका निविदेच्या मसुद्यात लिहिता येते : सुपीक माती वेगळी ठेवावी, पावसाळ्यात चर उघडा ठेवू नये, बांध आणि पाटचाऱ्या होत्या तशा करून द्याव्यात, पुढच्या टप्प्याचे पाइप त्याच चरात घालावेत, आणि शेताची पाहणी पाच वर्षे करावी. निविदेतच हे आले तर कंत्राटदार त्याचा खर्च दरात धरूनच बोली लावील. त्या दोन किनाऱ्यांवरच्या पहिल्या जोडण्यांपासूनच हे सुरू करावे.